हरकतीचा मुद्दा आणि संसदीय वृत्तान्त : स्टॅन्ली नोल्स यांच्या भाषणकार्याची समीक्षा

लोकप्रतिनिधी सभागृहात किती वेळा बोलला, त्याने किती प्रश्न विचारले, किती दिवस तो उपस्थित राहिला, या गोष्टी आता सहज मोजता येतात. भारतात २००५ साली स्थापन झालेली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था खासदारांची उपस्थिती, चर्चांतील सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयके यांची संख्या नियमाने प्रसिद्ध करते. इतर लोकशाही देशांतही अशी गणना होते. ही माहिती उपयुक्त आहे, यात वाद नाही. जो सदस्य पाच वर्षांत एकदाही उभा राहिला नाही, त्याचे मौन मतदारांस कळलेच पाहिजे. परंतु आकडा हाती आला की ज्या वस्तूचा तो आकडा आहे, त्या वस्तूचे स्वरूप काय, हा प्रश्न मागे पडतो. सभागृहातील बोलणे ही एकजिनसी वस्तू आहे काय? अर्ध्या तासाचे भाषण आणि अर्ध्या मिनिटाची हरकत ही एकाच मापाने मोजावयाची काय? आणि ज्या अधिकृत वृत्तान्तावरून ही मोजणी होते, तो वृत्तान्त स्वतः कोणत्या जातीचा लेख आहे?

या प्रश्नांची चिकित्सा करावयास कॅनडाच्या संघीय संसदेतील स्टॅन्ली नोल्स यांचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. याचे कारण असे की, नोल्स यांची कीर्ती वक्तृत्वावर उभी नाही. त्यांच्या नावावर दीर्घ भाषणे आहेतच. पण त्यांच्या समकालीनांनी त्यांना मानले ते सभागृहाच्या नियमांचे सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून. नियमांचा जाणकार बोलतो तेव्हा त्याचे बोलणे बहुधा आखूड असते, मध्येच उद्भवते आणि वाचताना रुक्ष वाटते. मोजपट्टी लावणाऱ्याची येथे खरी परीक्षा होते.

नोल्स यांचा जन्म १९०८ साली लॉस एंजेलिस येथे कॅनेडियन माता-पित्यांच्या पोटी झाला. तरुणपणी त्यांनी छापखान्यात काम केले, पुढे ते युनायटेड चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि तेथून राजकारणात आले. को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या समाजवादी पक्षाचे संस्थापक नेते जे. एस. वुड्सवर्थ १९४२ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या विनिपेग नॉर्थ सेंटर या मतदारसंघातून पोटनिवडणुकीने नोल्स कॉमन्स सभागृहात पोहोचले. १९५८ ते १९६२ हा पराभवाचा काळ वगळता १९८४ पर्यंत ते तेथेच राहिले. म्हणजे सुमारे ३८ वर्षे एका माणसाने एकाच मतदारसंघाच्या वतीने एकाच सभागृहात शब्द उच्चारले, आणि या सर्व काळात त्यांचा पक्ष एकदाही केंद्रात सत्तेवर आला नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ज्याच्या शब्दामागे बहुमत नाही, त्याच्या शब्दाला बळ कोठून मिळते, हा नोल्स यांच्या कार्याविषयीचा मूळ प्रश्न होय.

प्रथम वृत्तान्ताचा विचार करू जाता असे दिसते की, कॅनडाच्या कॉमन्स सभागृहाने १८८० पासून आपले स्वतःचे वृत्तलेखक नेमले. इंग्लंडमधील हॅन्सार्ड या मुद्रक घराण्याचे नाव तेथेही या वृत्तान्ताला मिळाले. हा वृत्तान्त शब्दशः असतो, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. ब्रिटिश परंपरेने विसाव्या शतकाच्या आरंभी जी व्याख्या स्वीकारली, तिच्यानुसार हा वृत्तान्त सारतः शब्दशः असतो. पुनरुक्ती गाळावी व उघड चुका दुरुस्त कराव्यात, परंतु अर्थात भर घालणारे किंवा युक्तिवाद स्पष्ट करणारे काहीही गाळू नये, असा तिचा आशय आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्याख्या मोठी उद्बोधक आहे. कारण तीत असे गृहीत धरले आहे की, उक्तीतून 'अर्थ' वेगळा काढता येतो आणि उरलेला भाग निर्धास्तपणे टाकून देता येतो. अडखळणे, आवाजाचा चढउतार, विराम, उभे राहण्याची घाई, यांना या व्याख्येत जागा नाही. अनेकांच्या गलक्याला एक ठराविक उद्गार मिळतो आणि तो 'काही माननीय सदस्य' या सामुदायिक नावावर जमा होतो. शिवाय कॅनडाचा वृत्तान्त इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांत निघतो. म्हणजे प्रत्येक सदस्याचे निम्मे वृत्तान्तगत अस्तित्व भाषांतराचे असते. तात्पर्य, वृत्तान्त हा बोलण्याचा ठसा नसून बोलण्यावरून केलेला एक लेख आहे.

असे असूनही हा लेख केवळ स्मारक नव्हे. तो पुन्हा वापरावयाचा असतो. सभापतींनी एकदा दिलेला निर्णय वृत्तान्तात छापला गेला की तो पूर्वदाखला होतो आणि पुढे कोणीही सदस्य त्याचा आधार घेऊ शकतो. बोशेन यांच्या नियमग्रंथासारखे ग्रंथ मुख्यतः अशाच दाखल्यांवर उभे आहेत. नोल्स यांचे वैशिष्ट्य येथे प्रकट होते. बहुतेक सदस्य वृत्तान्ताकडे लेखक म्हणून पाहतात. त्यांना त्यात आपले नाव आणि आपले शब्द हवे असतात. नोल्स वृत्तान्ताचे लेखक होते तसे त्याचे वाचकही होते. काल जे छापले गेले ते आज सभागृहाला बंधनकारक आहे, हे आठवून देणे हा त्यांच्या बोलण्याचा एक प्रमुख व्यापार होता. छापखान्यातून आलेल्या माणसाला छापील शब्दाच्या टिकाऊपणाची जाण असावी, यात आश्चर्य नाही.

आता हरकतीच्या मुद्द्याचे भाषिक स्वरूप पाहावयास हवे. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हेच एक कृत्य असते. 'मी वचन देतो' असे म्हणणे म्हणजे वचनाची माहिती देणे नव्हे, तर वचन देणे. अशा वाक्यांना खरे-खोटे हे निकष लागू होत नाहीत. ती साधतात किंवा फसतात. हरकतीचा मुद्दा हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. तो उपस्थित होताच चाललेले भाषण थांबते. तो वेळेवर उपस्थित करावा लागतो. क्षण टळला की मुद्दा कितीही बिनतोड असला तरी निष्फळ होतो. आणि तो स्वतःच्या बळावर पूर्ण होत नाही. सभापतींचा निर्णय हा त्याचा उत्तरार्ध असतो. सामान्य भाषणास उत्तर मिळाले नाही तरी भाषण पुरे होते. हरकतीस निर्णय मिळाला नाही, तर ती अर्धीच राहते.

याहून सूक्ष्म असा एक भेद संबोधनाचा आहे. कॅनडाच्या सभागृहात, ब्रिटिश प्रथेप्रमाणे, प्रत्येक वाक्य सभापतींना उद्देशून उच्चारावे लागते. दुसऱ्या सदस्याला 'तुम्ही' म्हणता येत नाही, त्याचे नावही घेता येत नाही. 'अमुक मतदारसंघाचे माननीय सदस्य' अशा तृतीय पुरुषी उल्लेखाने त्याला संबोधावे लागते. परिणामी साधारण भाषणात व्याकरणातील श्रोता आणि खरा श्रोता यांची फारकत होते. वाक्य सभापतींकडे जाते, रोख समोरच्या बाकांवर असतो आणि लक्ष वार्ताहरांच्या सज्जाकडे किंवा मतदारांकडे असते. ऑक्टोबर १९७७ पासून तेथील कामकाज दूरचित्रवाणीवरून दिसू लागले, तेव्हा ही फारकत अधिकच वाढली असली पाहिजे. हरकतीचा मुद्दा मात्र या नियमाला अपवाद आहे. तेथे व्याकरणातील श्रोता हाच खरा श्रोता असतो. बोलणारा सभापतींना उद्देशून बोलतो आणि त्याला उत्तरही सभापतींकडूनच हवे असते. सभागृहातील जे थोडे बोलणे औपचारिक अर्थानेही प्रामाणिक असते, त्यात याची गणना करावी लागेल. ज्याच्या पक्षाला मते नाहीत त्याचे बळ कोठून येते, या वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथे मिळते. भाषणाचा निकाल बहुमत लावते; हरकतीचा निकाल, निदान पहिल्या पायरीवर, नियम लावतो. बाकावर दहा सदस्य असोत की दोनशे, नियमापुढे त्यांचे वजन सारखे असते.

या विवेचनाची कसोटी १९५६ सालच्या वायुवाहिनी-वादात लागते. पश्चिमेकडील अल्बर्टा प्रांतातला नैसर्गिक वायू पूर्वेकडे नेण्यासाठी ट्रान्स-कॅनडा पाइपलाइन्स या कंपनीला आठ कोटी डॉलरपर्यंत कर्ज देण्याचे विधेयक लिबरल सरकारचे मंत्री सी. डी. हौ यांनी मांडले. कंपनीवर अमेरिकन भांडवलाचे वर्चस्व असल्याने कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा तिला विरोध होता. नोल्स यांच्या पक्षाला ही वाहिनी सार्वजनिक मालकीची हवी होती. सरकारला ७ जूनच्या आत विधेयक संमत करून घ्यावयाचे होते. त्यासाठी १९१३ साली नियमांत आलेल्या चर्चासमाप्तीच्या तरतुदीचा त्याने चार वेळा, विधेयकाच्या प्रत्येक टप्प्यावर, प्रयोग केला. चर्चा रंगावयाच्या आधीच ती संपविण्याची सूचना दिली जाऊ लागली, तेव्हा विरोधकांचे मुख्य साधन भाषण राहिलेच नाही. ती जागा हरकतीच्या मुद्द्याने घेतली. आणि ते काम कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या बाजूने डेव्ही फुल्टन यांनी व समाजवादी बाजूने नोल्स यांनी प्रामुख्याने केले.

३१ मेच्या सायंकाळी सभापती रेने बोदुआँ यांनी, वृत्तपत्रातील पत्रांमुळे सभागृहाचा विशेषाधिकारभंग झाला या मुद्द्यावर, चर्चेस वाव देणारी भूमिका घेतली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवार दिनांक १ जून रोजी, त्यांनी आपली चूक झाल्याचे सांगितले आणि सभागृहाने आदल्या दिवशीच्या सव्वापाच वाजताच्या स्थितीत परत जावे, असा प्रस्ताव मांडला. बहुमताने तो मान्य केला. कॅनडाच्या संसदीय इतिहासात हा दिवस 'काळा शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. घडलेली घटना भाषाशास्त्रीय परिभाषेत मांडावयाची तर असे म्हणावे लागेल की, एक साधलेली उक्ती दुसऱ्या उक्तीने नुसती रद्द केली नाही, तर ती कधी उच्चारलीच गेली नव्हती असे ठरविले. आधी दिलेला निर्णय चुकीचा होता असे म्हणणे वेगळे आणि घड्याळाचे काटे मागे फिरवावेत असे म्हणणे वेगळे. वृत्तान्तात मात्र त्या सायंकाळचे शब्द छापलेले राहिलेच. सभागृहाने जो काळ नाकारला, तो वृत्तान्ताने जपला. विरोधकांच्या संतापाचे मर्म येथे आहे. अल्पमताचा एकमेव आधार जो पूर्वदाखला, तोच बहुमताच्या हातचे खेळणे झाला, अशी त्यांची भावना झाली.

विधेयक ६ जून रोजी कॉमन्समध्ये संमत झाले. म्हणजे मतांच्या हिशेबाने नोल्स, फुल्टन व त्यांचे सहकारी हरले. परंतु १९५७ च्या जून महिन्यातील निवडणुकीत १९३५ पासून चालत आलेली लिबरल सत्ता संपुष्टात आली आणि स्वतः हौ आपल्या मतदारसंघात नोल्स यांच्याच पक्षाच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. निवडणुकीचा निकाल एकाच कारणाने लागत नाही; तरीही वायुवाहिनी-वादातील सरकारची वागणूक हे त्यांतील एक कारण होते, असे इतिहासकार सामान्यतः मानतात.

येथवरच्या विवेचनावरून नोल्स यांच्या पद्धतीत दोष नव्हते, असा समज होऊ नये. पहिला आक्षेप असा की, १९५६ मधील हरकतींचा बाह्य हेतू नियमपालनाचा असला तरी त्यांचा प्रत्यक्ष परिणाम कालहरणाचा होता, आणि तो अभिप्रेतही होता. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, वाच्यार्थ 'नियम मोडला' हा आणि व्यंग्यार्थ 'वेळ जाऊ द्या' हा. ज्या उक्तीला वर औपचारिक अर्थाने प्रामाणिक म्हटले, तिच्यातही ही दुसरी पातळी शिरते, हे मान्य केले पाहिजे. मात्र सरकारनेच काळाला शस्त्र केले असता काळ हाच वादाचा विषय होतो, हे या आक्षेपाला उत्तर आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्या आठवड्यांतील वृत्तान्त वाचणाऱ्याच्या मनावर वायुवाहिनीची मालकी कोणाची असावी या मूळ प्रश्नापेक्षा सभागृहाच्या नियमांचा ठसा अधिक उमटतो. सार्वजनिक मालकीचा जो पक्ष नोल्स यांना मांडावयाचा होता, तो त्यांच्याच कौशल्याच्या गर्दीत काहीसा झाकला गेला. हरकतीचा मुद्दा कसे बोलावे याविषयी असतो, कशाविषयी बोलावे याविषयी नसतो. जो त्यात प्रवीण होतो, त्याला ही मर्यादा पत्करावी लागते.

या मर्यादेची भरपाई नोल्स यांनी दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याने केली, आणि तेही मोजणीच्या पट्टीला पुरते सापडत नाही. वृद्धांचे निवृत्तिवेतन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९२७ चा पहिला कायदा गरजूंपुरता, सत्तर वर्षांवरील लोकांना महिना वीस डॉलरपर्यंत देणारा होता. तो वुड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी ए. ए. हीप्स यांनी अल्पमतातील सरकारकडून पदरात पाडून घेतला होता. नोल्स संसदेत असताना १९५२ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना सरसकट चाळीस डॉलर मिळू लागले, पुढे वयाची अट टप्प्याटप्प्याने पासष्टपर्यंत उतरली, १९६७ मध्ये पूरक साहाय्य आले आणि १९७३ मध्ये हे वेतन दर तीन महिन्यांनी महागाईशी जोडण्यात आले. या प्रत्येक पायरीच्या आधी व नंतर नोल्स तीच मागणी करीत राहिले. पुनरुक्ती हा वक्तृत्वातील दोष समजला जातो, आणि वृत्तान्ताच्या व्याख्येतही तो गाळण्याजोगा भाग आहे. परंतु एका भाषणातील पुनरुक्ती आणि चार दशकांतील पुनरुक्ती या भिन्न वस्तू आहेत. पहिली शब्दांची उधळपट्टी होय. दुसरी मागणी जिवंत ठेवते. तरीही वरीलपैकी प्रत्येक कायद्यावर नाव मंत्र्याचे आहे. कोणत्या शब्दाने कोणता कायदा घडला, हे वृत्तान्त सांगत नाही; तो फक्त शब्दांचा क्रम सांगतो. म्हणून नोल्स यांच्या आग्रहाचे श्रेय किती, हे निश्चित करता येत नाही, आणि ते शून्य होते असेही म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला याच्या पडताळ्यासाठी फार दूर जावयास नको. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधील मुंगेर व बांका येथून लोकसभेवर निवडून गेलेले मधू लिमये यांचेही नाव नियमज्ञानाशी असेच जोडले गेले आहे. तेही समाजवादी, तेही विरोधी बाकांवरचे, आणि सभागृहाचे नियम हे अल्पमताचे कवच आहे, या जाणिवेने तेही वागले. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढविली गेली, तेव्हा १९७६ मध्ये त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. मतदारांनी दिलेल्या मुदतीपलीकडे सभागृहात बसणे त्यांना मान्य नव्हते. संख्येच्या हिशेबात राजीनाम्यानंतरचे दिवस अनुपस्थितीचे ठरतील. नियमाच्या हिशेबात ती अनुपस्थिती हीच सर्वांत मोठी हरकत होती. दोन देशांतील ही साम्ये योगायोगाची नाहीत. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या सभागृहांत संख्येने दुबळ्या पक्षाला नियमांचा अभ्यास हाच मार्ग उरतो, आणि त्यातून या प्रकारचा सदस्य घडतो.

मोजणीला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. मोजणी कोठे संपते आणि वाचन कोठे सुरू होते, एवढेच दाखवावयाचे आहे. सदस्याच्या कार्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने निदान तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. मते मांडणारी भाषणे एकीकडे आणि कृत्य घडविणाऱ्या उक्ती दुसरीकडे, हा पहिला भेद. प्रत्येक हरकतीपुढे तिच्यावरील निर्णय मांडून ती साधली की फसली हे पाहणे, ही दुसरी गोष्ट. आणि एका सदस्याचे शब्द पुढे इतरांनी दाखला म्हणून किती वेळा व कशासाठी घेतले, हे शोधणे, ही तिसरी. शेवटची गोष्ट सर्वांत कष्टाची आहे, आणि बोललेल्या शब्दाचे आयुष्य खरोखर तीच सांगते.

नोल्स यांच्या चरित्रातील दोन घटना या संदर्भात लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १९५७ मध्ये पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी त्यांना सभापतिपद देऊ केले. ज्याने आयुष्यभर सभापतींकडे निर्णय मागितले, त्यालाच निर्णय देण्याच्या आसनावर बसविण्याची ही कल्पना होती. नोल्स यांनी ती नाकारली. सभापतीला चर्चेत भाग घेता येत नाही. नियमाचा रक्षक होण्यासाठी निवृत्तिवेतनाची मागणी सोडावी लागली असती. नियम हे त्यांचे साध्य नव्हते, साधन होते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको. पुढे १९८१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९८४ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली. त्या वेळी सभागृहाने त्यांना आपले सन्माननीय अधिकारी करून, सचिवांच्या मेजाशी आजन्म बसण्याचा हक्क दिला. त्यानंतर १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या काळात ते त्या मेजाशी येऊन बसत असत. त्या आसनावरून बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे त्या वर्षांच्या वृत्तान्तात त्यांच्या नावे भाषण नाही. भाषणांची संख्या मोजणाऱ्याला तेथे शून्य लिहावे लागेल, आणि ते शून्य बरोबरच असेल. पण ज्या नियमांच्या व दाखल्यांच्या आधारे त्यांच्या समोरचे कामकाज चालले होते, त्यांच्या रक्षणाला त्यांनी आपली ३८ वर्षे दिली होती. ती नोंद एका सदस्याच्या नावाखाली शोधून सापडणारी नाही.